लवंगीचा डावा पाय

हरभरे भिजताना आवाज होतो, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दगडी डोणीत पाणी भरून वर हरभरे ओतले की घटकाभरानं ते फुगायला लागतात, एकमेकांना ढकलतात आणि बारीक चटचट सुरू होते. शेलूबाजारच्या आमच्या घरात स्वयंपाकाची खोली आणि घोड्यांचा गोठा यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत होती. अलीकडे अम्मी भाकरी थापायची, पलीकडे डोणीतले हरभरे बोलायचे, आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये घोडीनं पाय आपटल्याचा एखादा ठोका. माझं लहानपण या तीन आवाजांत गेलं. आता माझ्या नातवाच्या घरात फ्रिज घुमतो, तेवढाच.

माझे अब्बा चाबूकस्वार होते. नुसती घोडी धरणं वेगळं आणि तिला चाल लावणं वेगळं. अब्बा चाल लावायचे. डफड्याच्या ठेक्यावर जागच्या जागी एकेक पाय छातीपर्यंत उचलणं, आडवं चालणं, मागच्या दोन पायांवर हळूच वळणं, आणि हे सगळं करताना पाठीवरच्या माणसाच्या हातातल्या पेलाभर दुधाचा थेंबही न सांडणं, याला आमच्याकडे घोडी नाचवणं म्हणत. लग्नाची वरात असो की देशमुखांघरचं बारसं, रिसोडपासून कारंज्यापर्यंत अब्बांना बोलावणं यायचं. लोक म्हणत, या माणसाच्या मांडीत काहीतरी आहे, लगामाला हात न लावता घोडीला कळतं.

ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. अब्बा विटा मांडून घोडीला पाय उचलायला शिकवत, टाळूला जीभ लावून टक् आवाज काढत आणि पाय बरोबर पडला की गुळाचा खडा देत. हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण नव्या घोडीच्या तोंडात पहिलं वर्षभर काटेरी लगाम असे, तिचे पुढचे पाय आखूड दोरानं बांधून तिला दुपारभर उभं करत, हेही मी पाहिलेलं आहे. एका अबलख घोडीची जीभ त्या लगामानं अर्धी कापली गेली होती. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी लगाम तोच होता. मी आता लिहायला बसलोच आहे तर बापाला संत करून ठेवणार नाही. एक मात्र खरं की त्यांनी काही गोष्टींना कधीच हात लावला नाही. घुंगरांच्या पट्ट्याला आतून खिळे ठोकणं, तापलेल्या राखेवर घोडी उभी करणं, आणि बिबा. हे तीन प्रकार करणाऱ्या सवारासोबत ते एका जाजमावर बसत नसत.

बिबा आमच्याकडे घरोघरी असतो. अम्मी पत्र्याच्या डबीत पाच-सात बिबे ठेवायची. थंडीत टाच फुटली की एक बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्यातून काळं तेल सुटलं की भेगेत एक थेंब सोडायचा. थेंब चुकून दुसरीकडे पडला तर कातडी उतते, फोड येतात, काळा डाग महिनाभर जात नाही. म्हणून बिब्याचं काम करण्याआधी अम्मी हातांना कोपरापर्यंत तिळाचं तेल चोळायची. बिब्याच्या आतलं बी, गोडंबी, मात्र गोड. ईदच्या शिरखुर्म्यात आमच्याकडे गोडंबी असायचीच. माझ्या वाट्याला जरा जास्त यायची.

आमच्याकडे एक मोतद्दार होता, हरसिंग. मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला बंजारा. घोड्यांचा खरारा, दाणा-पाणी, पायांची निगा सगळं त्याच्याकडे. मला आठवतं तेव्हापासून तो होता. मी त्याला हरसिंगकाका म्हणायचो, तो मला बाबू म्हणायचा. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, आणि बोलताना समोरच्या माणसाकडे न पाहता घोडीच्या पायांकडे पाहणारा. स्वतः जेवायला बसण्याआधी तो प्रत्येक घोडीच्या चारही पायांवरून वरून खाली तळहात फिरवायचा. कुठं ऊन लागतं, कुठं सूज आहे, ते त्याला हातानं कळायचं. दाण्यातले मूठभर हरभरे तो स्वतःही चावायचा आणि कुडापलीकडून अम्मीला ओरडून सांगायचा, "भाबी, डोनीत थोडं मीठ टाकत जा ना. घोडीले चालते, मले फिके लागतात!" अम्मी पलीकडून म्हणायची, "घोडीचं खातूस तं घोडीसारका नाचत जा मंग."

लवंगी त्याचीच लाडकी. कुमैत, म्हणजे गडद तांबड्या रंगाची, चारही पाय काळे, कपाळावर लवंगेएवढा पांढरा ठिपका. अब्बांनी तिला चार वर्षं घडवलं होतं. तिचा उजवा पाय डफड्याच्या ठेक्याला असा वर यायचा की जणू कुणी दोरीनं ओढला. डावा मात्र मागं राहायचा. उचलायची, पण गुडघ्याएवढाच आणि अर्धा ठेका उशिरा. अब्बा म्हणत, "डावा अजून झोपेत हाये. उठन आपल्या मनानं."

आमच्या भागात उरुसाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी घोड्यांचा आखाडा भरायचा. जो सवार जिंकेल त्याला मानाचा फेटा. सात वर्षं तो फेटा अब्बांच्या डोक्यावर होता. त्या वर्षी थंडीत एका नव्या घोड्यानं अब्बांना भिंतीवर दाबलं आणि त्यांचा खुबा मोडला. हाडवैद्यानं बांधलं, पण पुन्हा पाठीवर बसणं होणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. म्हणून लवंगीवर मी बसायचं ठरलं. माझ्या ओठांवर तेव्हा मिशीची नुसती रेघ होती. आखाड्याला चार दिवस राहिले असताना अब्बांनी मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, "रहमू, तिचा डावा पाय यंदा तयार नाई. आनखी एक साल लागन. फेटा गेला तं जाऊ दे. घोडी नको बिघडवू."

हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. पुढं जे झालं त्यासाठी मला कुणी ढकललं नाही, हे कळावं म्हणून लिहितो.

पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. सात वर्षं अब्बांनी राखलेला फेटा माझ्या पहिल्याच दिवशी जाणार, आणि लोक म्हणणार की बाप होता तोवर होतं. रिठदचा सवार कासम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला तिखट. बाजारात भेटला तर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय बे रहमू, अब्बाचा फेटा तुले लय मोठा होईन. आखाड्यात दोन्ही कान धरून बसजो, नाई तं गळ्यात येईन!" लोक हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

आखाड्याच्या आदल्या दिवशी दुपारी अब्बा झोपले होते, अम्मी शेजारी पापड लाटायला गेली होती, हरसिंगकाका गवताला. मी अम्मीची डबी काढली. हातांना कोपरापर्यंत तिळाचं तेल चोळलं. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि घुंगरांच्या पट्ट्याला आतून ते काळं तेल बोटभर रुंद लावलं. पट्टा लवंगीच्या डाव्या पुढच्या पायात, खुराच्या वर बांधला. तिचे पाय काळे, डाग दिसणार नव्हता. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिनं तो पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मी टाळूला जीभ लावून टक् केलं. पाय छातीपर्यंत आला. मला तेव्हा वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आनंद झाला. मी तिला गूळ दिला.

घटकाभरानं पट्टा काढला आणि खुंटीला टांगला. संध्याकाळी जेवताना अम्मीनं विचारलं, "हाताले तेल काहून लावलं आज? भाकर निसटून राह्यली तुई." मी म्हणालो, लगामाचं चामडं कडक झालं, त्याला तेल लावत होतो.

त्याच संध्याकाळी हरसिंगकाकानं रोजच्यासारखा पायांवरून हात फिरवला होता आणि डाव्या पायापाशी थांबला होता. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी विहिरीवर तोंड धूत होतो, तो जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "बाबू, आज लवंगीले नाचवू नको. डावा पाय उतला हाये तिचा. मी चिंचेच्या पाल्याच्या पान्यानं धुतला, हातानं चोळून काढला जेवढा निंगला तेवढा. बिबा हाये तो."

"बिबा? कोण लावन?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो घोडीच्या पायांकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत होता. "मले काय मालूम. उस्तादाले सांगतो मी."

"तुमी नका सांगू," मी म्हणालो. "अब्बा बिमार हाये, तापतीन. मी सांगतो बरोबर."

"सांगजो पन. आठोनीनं सांगजो."

मी हो म्हणालो. अब्बांना सांगितलं नाही. हातांना पुन्हा तेल चोळून लवंगीच्या पायात मीच तो पट्टा चढवला.

आखाड्यात अब्बांना बैलगाडीत गादी घालून आणलं होतं. त्यांच्या शेजारी रिठदकडचे एक मोठे जमीनदार होते, त्यांना सगळे आबासाहेब म्हणत, निवाडा त्यांचा. त्यांच्यासोबत त्या वर्षी एक नवा माणूस होता, सरकारी सलोतरी, म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. नागपूरकडून नुकताच बदलून आलेला. त्यानं सकाळीच सगळ्या सवारांना ऐकवलं होतं की जनावराला दुखापत करून नाचवलेलं मला चालणार नाही. सवार एकमेकांकडे बघून हसले होते. कुणीतरी मागून म्हणालं, "सायब, घोडीले इचारून घ्या ना, तिले चालते का ते!"

कासमची घोडी चांगली नाचली. मग माझी पाळी. डफडं वाजलं आणि लवंगीचा डावा पाय असा वर आला की पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. उजव्याच्याही वर. ठेका पडायच्या आधीच ती पाय उचलत होती. लोक ओरडत होते, फेटे उडवत होते. मी पेला हातात धरला होता, दूध सांडलं नाही. माझ्या मांडीखाली तिचं अंग थरथरत होतं, ते फक्त मला कळत होतं. मी बैलगाडीकडे पाहिलं. सगळं मैदान हसत होतं, आणि अब्बा पायाकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

मी उतरलो तोच सलोतरी आला. म्हणाला, "पट्टा काढा." मी काढला नाही, दुसऱ्या कुणीतरी काढला. कातडी पट्ट्याला चिकटून आली. खाली लाल मांस आणि कडेला फोड. सलोतरी वाकून पाहत होता. "हा बिबा आहे," तो म्हणाला. "बिबा लावणाऱ्याचा हात सोडत नाही. या घोडीला हात लावणाऱ्यांनी हात दाखवा."

मी हात पुढं केले. स्वच्छ होते. तिळाच्या तेलानं थोडे चमकत होते.

हरसिंगकाकानं हात पुढं केले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मधल्या बेचक्यांत, मनगटापर्यंत पाण्यानं भरलेले फोड होते.

"मी धुतलं, सायब," तो म्हणाला. "काल सांजच्याले. तिचा पाय धुतला मी."

आबासाहेब गरजले, "धुतलं तं सकाळी काहून नाई सांगितलं उस्तादाले? तोंड शिवलं व्हतं का?"

हरसिंगकाका माझ्याकडे पाहून राह्यला. हे वाक्य मला प्रमाण भाषेत लिहिता येत नाही. तो पाहत होता असं नाही, तो पाहूनच राह्यला. त्याला माझ्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. यानं मला सांगितलं होतं, एवढंच. बिबा कोणी लावला हे सांगायचीही गरज नव्हती. मी लवंगीच्या मानेवर हात ठेवून जमिनीकडे पाहत उभा राहिलो.

गर्दीतूनच कुणीतरी म्हणालं, "कासमनं फोडलं असन याले." बस, तेवढं पुरलं. सगळ्यांना गोष्ट सापडली. कासमनं मोतद्दाराला आपल्या बाजूला वळवलं, त्यानं घोडी लंगडी व्हावी म्हणून बिबा लावला, आणि घोडी लंगडायच्या ऐवजी जास्तच नाचली. कासम शपथा घेत होता, आपल्या मुलांची नावं घेत होता. कुणी ऐकलं नाही. आबासाहेबांनी सांगितलं, सवाराची चूक नाही, फेटा याच घरात राहील. तो माझ्या डोक्यावर बांधला गेला. मोठा झाला नाही. बरोबर बसला.

हरसिंगकाका त्याच पावली तांड्याकडे निघाला. आमच्या घरी त्याचं घोंगडं आणि तांब्या होता, तेही न्यायला आला नाही. घरी आल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "तो असं करन, वाटलं नाई." मी त्यांच्या खाटेशी उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. अब्बा पुढं अकरा वर्षं जगले, आणि त्या अकरा वर्षांत मी रोज त्यांच्याशी बोलत होतो.

अम्मीला कळलं होतं. ती कधी बोलली नाही, पण त्या वर्षीच्या ईदला शिरखुर्म्यात गोडंबी नव्हती. पुढच्या वर्षीही नव्हती. बहिणीनं विचारलं तर म्हणाली, "भेटली नाई बाजारात." शेलूबाजारच्या बाजारात गोडंबी भेटली नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? पण अब्बांनीही विचारलं नाही. अम्मी होती तोवर आमच्या घरात गोडंबी शिजली नाही.

लवंगीचा पाय भरून आला, पण त्या जागी केस उगवले ते पांढरे. काळ्या पायावर घुंगराच्या पट्ट्याएवढं पांढरं कडं. लांबून लोकांना वाटायचं, चांदीचा तोडा घातला आहे. मी तिच्यावर तीन वर्षं नाचलो, तीन वर्षं फेटा आमच्याकडे राहिला. माझं नाव झालं. अब्बांपेक्षा मोठं झालं, असं लोक म्हणायचे. पण ती बिघडली होती. ठेका असो नसो, डावा पाय उचलायची. गोठ्यात उभ्या-उभ्या उचलायची, हरभरे खाताना उचलायची. अब्बांनी सांगितलेलं ते हेच होतं. शेवटी ती वरातीत चालेना, म्हणून विकली. कासमनं आखाड्याचं नाव सोडलं आणि रिठदला शेती केली. हरसिंगकाकाला पुढं कुणी घोडी धरायला दिली नाही. तांड्यातही त्याला बिबेवाला म्हणायचे, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी आमच्या भागाच्या जुन्या गोष्टी गोळा करणारे एक शिक्षक माझ्याकडे आले. मी शेवटचा चाबूकस्वार म्हणून. मी त्यांना लगाम दाखवले, विटांची गोष्ट सांगितली. त्यांनी पुस्तक छापलं, एक प्रत मला आणून दिली. त्यात तो आखाडाही होता, गावातल्या कुणाकडून तरी ऐकलेला. 'फितूर मोतद्दार हरसिंग' असं छापलेलं होतं. ते वाचून मी हे लिहायला घेतलं. हरसिंग फितूर नव्हता. कासमनं कुणाला फोडलं नव्हतं. बिबा मी लावला.

हरसिंगकाकाला मात्र हे मी तोंडानं सांगितलं होतं. अब्बांच्या मागे बऱ्याच वर्षांनी, धीर करून तांड्यावर गेलो. पावसाळा संपला होता, निम्मी घरं कुलूपबंद, माणसं कामाला बाहेरगावी गेलेली. तो म्हातारा झालेला, दारात बसला होता. सुनेनं चहा केला. मी सगळं सांगितलं. बराच वेळ लागला सांगायला, पण त्यानं मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, "मले मालूमच व्हतं, बाबू. तुया हाताले तेलाचा वास येऊन राह्यला व्हता त्या सकाळी."

"मंग तुमी बोलले काहून नाई? सगळ्यांदेखत?"

"मी बोललो असतो तं उस्तादाले समजलं असतं ना." त्यानं बशीत चहा ओतला. "तू बोलशीन वाटलं."

शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "लवंगी कवा गेली?"

मी त्या दिवशी खरं बोलायलाच गेलो होतो. तरी माझ्या तोंडून निघालं, "आपल्याच दारात. म्हातारी होऊन. दाना खाता खाता."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

लवंगी आमच्या दारात मेली नाही. तिला विकून चार वर्षं झाली होती, तेव्हा मी मूर्तिजापूरच्या स्टेशनवर उतरलो होतो. बाहेर टांगे उभे होते. रस्त्यानं एक वरात चालली होती, डफडं वाजत होतं. पहिल्या टांग्याच्या दांड्यांमध्ये जुंपलेल्या घोडीनं डावा पाय छातीपर्यंत उचलला. हाडं वर आलेली, डोळे चिपडलेले, पण पायात पांढरं कडं होतं. टांगा हलला, तसा टांगेवाल्यानं तिच्या पाठीवर चाबूक ओढला. मला म्हणाला, "बसा मियाँ, भेऊ नका. हिले खोडच हाये हे. डफडं ऐकलं का पाय उचलते." तिनं तो पुन्हा उचलला. मी मागच्या टांग्यात जाऊन बसलो.